प्रवाह फिरतो तेव्हा किंमत कोण मोजतो?

महाराष्ट्रातील शिक्षकाच्या अथवा कारकुनाच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या नावाची एक लहानशी वजावट असते. बहुतेकांच्या बाबतीत ती दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २५०० रुपये इतकी भरते. भविष्यनिर्वाह निधी व आयकर यांच्या मानाने ही रक्कम किरकोळ असल्यामुळे ती कशासाठी कापली जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागविण्यासाठी. आणि रोजगार हमी योजना उभी राहिली ती १९७२च्या दुष्काळातून. इथपर्यंतचा इतिहास जुन्या पिढीला ठाऊक आहे. परंतु त्या दुष्काळाच्या कारणांचा माग काढीत गेले, तर त्यांतील एक धागा आपल्याला पॅसिफिक महासागरापलीकडे, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यापर्यंत नेतो. त्याच वर्षी तेथल्या समुद्रातील पाण्याचे वळण बदलले होते आणि जगातील सर्वांत मोठा मासेमारी उद्योग काही महिन्यांत कोसळला होता.

मराठवाड्यातील खडी फोडणारा मजूर आणि पेरूच्या बंदरातील बेकार झालेला खलाशी यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. तथापि दोघांवर आलेल्या आपत्तीचे एक मूळ समान होते. त्या आपत्तीला दोन समाजांनी जी दोन वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांची तुलना आजही उद्बोधक ठरेल. कारण प्रवाह पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर वेळी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. निसर्गाच्या या उलाढालीची किंमत कोणी मोजावयाची?

थंड पाण्याची समृद्धी

पेरूचा किनारा उष्ण कटिबंधात येतो. त्या अक्षांशावर समुद्राचे पाणी कोमट असावयास हवे. प्रत्यक्षात ते थंड असते. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०२ साली तेथील पाण्याचे तापमान मोजले व पुढे त्या प्रवाहाला त्याचेच नाव पडले. किनाऱ्यावरील कोळ्यांना मात्र हा प्रवाह त्याच्या आधी कित्येक शतके परिचित होता. दक्षिणेकडून किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त परिणामामुळे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. समुद्राच्या खालच्या थरांत नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषक द्रव्ये साचलेली असतात, पण तेथे सूर्यप्रकाश नसतो. वरच्या थरात प्रकाश असतो, पण पोषण लवकर संपते. पेरूच्या किनाऱ्यावर या दोहोंची गाठ पडते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तेथे समुद्राची नांगरट अखंड चालू असते.

या नांगरटीवर सूक्ष्म प्लवकांचे अमाप पीक येते आणि प्लवकांवर आंचोवेता नावाचा, वीतभरही लांब नसलेला मासा पोसला जातो. आपल्या मांदेलीच्याच गोतातला हा मासा प्रचंड थव्यांनी राहतो. त्याच्यावर पाणकावळे, पेलिकन व अन्य समुद्रपक्षी जगतात. जगातील महासागरांच्या पृष्ठभागाचा हजारावा हिस्साही न भरणाऱ्या या पट्ट्यातून जगाच्या एकूण मत्स्योत्पादनाचा सुमारे दहावा भाग निघतो. एवढी सुपीक जमीनही पृथ्वीवर क्वचितच सापडेल.

या समृद्धीचा पहिला व्यापार माशांचा नव्हता, पक्ष्यांच्या विष्ठेचा होता. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या बेटांवर शतकानुशतके साचलेला हा थर, म्हणजे ‘ग्वानो’, युरोपातील शेतांसाठी उत्तम खत ठरला. १८४० ते १८८० या काळात पेरूचा सरकारी खजिना मुख्यत: त्यावर चालला. चिंचा बेटांवर चीनमधून करारबद्ध करून आणलेल्या मजुरांनी अतिशय हलाखीत हे खत खणले. बेटांच्या ताब्यासाठी १८६४ साली स्पेनने आरमार पाठविले. थर संपले तेव्हा सरकार कर्जबाजारी झालेले होते. प्रवाहाने दिलेल्या धनाची उधळपट्टी आणि त्यानंतरची दिवाळखोरी हा क्रम पेरूला तेव्हापासून परिचित आहे.

एका प्रवाहाचे वळण

काही वर्षांच्या अंतराने हे चक्र बिघडते. व्यापारी वारे मंदावतात, पश्चिम पॅसिफिकमध्ये साठलेले उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते आणि पेरूच्या किनाऱ्यावर त्याचा जाड थर पसरतो. खालून पाणी वर येणे थांबत नाही. पण जे वर येते ते उष्ण आणि निकस असते. नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहाला तेथील कोळी बाळ येशूवरून ‘एल निनो’ म्हणत. तेच नाव आज या सबंध घडामोडीला रूढ झाले आहे.

प्लवके घटली की आंचोवेता खोल पाण्यात उतरतात, दक्षिणेकडे सरकतात किंवा मरतात. पक्ष्यांना मासा पोहोचत नाही आणि ते पिले टाकून उडून जातात अथवा उपासमारीने किनाऱ्यावर पडतात. १९५०च्या दशकाच्या मध्यास पेरूच्या ग्वानो पक्ष्यांची संख्या अडीच कोटींहून अधिक असल्याचा अंदाज होता. १९५७-५८च्या एल निनोनंतर ती ६० लाखांच्या आसपास उतरली. गालापागोस बेटांवरील पेंग्विनांची संख्या १९८२-८३च्या एल निनोत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटली. तरीही निसर्गाला ही उलथापालथ नवी नाही. अशा संकटांनंतर माशांचे व पक्ष्यांचे थवे पूर्वी पुन्हा भरून येत असत. १९७२ साली ते झाले नाही, कारण मधल्या काळात एक नवा शिकारी समुद्रात उतरला होता.

१९५०पूर्वी आंचोवेता माणसाने फारसे पकडले नव्हते. पुढच्या वीस वर्षांत पेरू हा जगातील पहिल्या क्रमांकाचा मासेमारी देश झाला. हा मासा माणसाच्या ताटात जात नव्हता. त्याची भुकटी होऊन ती अमेरिका व युरोपातील कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात जात होती. चिंबोते हे काही हजार वस्तीचे किनारी गाव १९७०च्या सुमारास दीड लाखावर वस्तीचे बंदर बनले. त्या वर्षी आंचोवेताची पकड १ कोटी २० लाख टनांहून अधिक झाली. वास्तविक तज्ज्ञांनी ९५ लाख टनांची मर्यादा सुचविली होती. परंतु बोटी कर्जे काढून बांधलेल्या होत्या, कारखाने गरजेच्या कितीतरी पट उभे राहिले होते, आणि आपण थांबलो तर दुसरा पकडील हे प्रत्येकाला ठाऊक होते. स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिले होते की, ज्या मत्स्यक्षेत्राला मालक नाही आणि प्रवेशास बंधन नाही तेथे नफा शून्यावर येईपर्यंत बोटी वाढतच राहतात. पेरूने तो सिद्धान्त खरा करून दाखविला.

अशा वेळी १९७२चा एल निनो आला. उरलेसुरले थवे किनाऱ्यालगतच्या थंड पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीने गोळा झाले आणि त्यामुळे ते पकडणे उलट सोपे झाले. वर्षाच्या सुरुवातीस जाळी तुडुंब भरली. नंतर समुद्र रिकामा झाला. १९७३ साली पकड १९७०च्या तुलनेत पाचव्या हिश्श्याहूनही खाली गेली. भुकटी मिळेनाशी झाली म्हणून खाद्यासाठी सोयाबीनची मागणी वाढली, अन्य कारणांची तीत भर पडली आणि भाव कडाडले. जून १९७३मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. अमेरिकेवर विसंबून असलेल्या जपानला धक्का बसला व त्याने ब्राझीलमधील सोयाबीन लागवडीत भांडवल घालावयास सुरुवात केली. एका प्रवाहाच्या वळणाने तीन खंडांतील बाजार हलविले ते असे.

पाणबुड्यांची आबादानी

येथवर चित्र केवळ विनाशाचे दिसते. परंतु प्रवाह सर्वांनाच सारखा बुडवीत नाही आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. १९८२-८३चा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र अशा एल निनोंपैकी एक. त्याने पक्षी मारले, मासे हाकलले, उत्तर पेरूत महापूर आणले. आणि त्याच वर्षी पिस्को शहराच्या दक्षिणेस असलेल्या इंदिपेंदेन्सिया उपसागरात पंख्याच्या आकाराच्या एका शिंपल्याचे अभूतपूर्व पीक आले. उष्ण पाण्यात हा शिंपला झपाट्याने वाढला, अधिक वेळा प्रजनन करू लागला, तळाजवळच्या पाण्यात प्राणवायूचे प्रमाण वाढले आणि त्याला खाणारे खेकड्यांसारखे प्राणी कमी झाले. तेथील शिंपल्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. अमेरिकेत या शिंपल्याला चांगला भाव होता.

किनारपट्टीवरून, दूरदूरच्या बंदरांतून माणसे तिकडे धावली. त्यांत मासेमारी बुडालेले कोळी होते, तसेच पूर्वी समुद्रात कधी न उतरलेलेही होते. वाळवंटी किनाऱ्यावर, गोड्या पाण्याचा थेंब नसलेल्या ठिकाणी, झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. शिंपले तळाशी असतात. ते जाळ्याने नव्हे, हाताने वेचावे लागतात. म्हणून या आबादानीचा कणा होता पाणबुड्या.

या पाणबुड्याचे साधन पाहण्यासारखे आहे. लहान बोटीवर हवा दाबून भरणारे एक यंत्र असते, त्यातून निघालेली लांबलचक नळी पाणबुड्या तोंडात धरतो आणि तळाशी उतरतो. वर एक जण बोट सांभाळतो, एक जण नळीवर लक्ष ठेवतो. यंत्र बंद पडले किंवा नळीला पीळ बसला तर श्वास थांबतो. प्रवाह जोराचा असेल तर निराळीच कसोटी लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरील रेटा चौपट होतो. त्याच्याशी झुंजणारा माणूस दमतो, अधिक वेगाने श्वास घेतो. लांब नळीवरही तोच रेटा बसतो आणि ती त्याला कामाच्या जागेपासून ओढू लागते. ढवळलेल्या गाळाने समोरचे दिसेनासे होते.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. दाबाखालील हवा श्वासावाटे घेतल्यामुळे तिच्यातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. माणूस सावकाश, टप्प्याटप्प्याने वर आला तर तो वायू हळूहळू बाहेर पडतो. घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी मृत्यू येतो. किती खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येताना कोठे किती थांबावे, याची कोष्टके जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केली. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. पण पाणबुड्याची मजुरी तासावर ठरत नाही. ती वेचलेल्या शिंपल्यांच्या वाट्यावर ठरते. वर येताना थांबलेला प्रत्येक मिनिट हा त्याच्या दृष्टीने बुडालेल्या कमाईचा मिनिट असतो. ज्या मजुरीपद्धतीत सावधपणाला दंड आणि घाईला बक्षीस आहे, तीत केवळ कोष्टके छापून माणसाचे पाय वाचत नाहीत.

थंड पाणी परतले, अतोनात उपशाची त्यात भर पडली आणि काही वर्षांत ती आबादानी ओसरली. व्यापाऱ्यांनी भांडवल काढून दुसऱ्या धंद्यात घातले. पाणबुड्याला आपले शरीर असे काढून दुसरीकडे घालता येत नाही. पुढे उत्तरेकडील सेचुरा उपसागरात या शिंपल्याची शेती वाढली. तेथे २०१७ साली किनाऱ्यालगतचे पाणी अचानक तापले, नद्यांना पूर आले आणि शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. एका उपसागराला ज्या उष्ण पाण्याने सुबत्ता दिली, त्याच प्रकारच्या पाण्याने दुसऱ्या उपसागराला कंगाल केले. तेव्हा प्रवाहाचे फिरणे म्हणजे निव्वळ संपत्तीचा नाश नव्हे. ते संपत्तीचे स्थलांतरही असते. भांडवल त्या स्थलांतराबरोबर चालू शकते. श्रम रखडत, लंगडत मागे येतो.

पुण्यातील ‘सिमला ऑफिस’

या कथेचा भारताशी असलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांनंतर मॉन्सूनचे भाकीत करता यावे, ही निकड सरकारला भासू लागली. १९०४ साली भारतीय वेधशाळांच्या प्रमुखपदी आलेले सर गिल्बर्ट वॉकर हे मूळचे केंब्रिजचे गणिती. त्यांनी जगभरच्या वायुभाराचे, पावसाचे व तापमानाचे आकडे हिंदी लेखनिकांच्या मदतीने गोळा करून त्यांचे परस्परसंबंध तपासले. पॅसिफिक महासागराच्या एका टोकाला वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो आणि उलट, असा तराजूसारखा हेलकावा त्यांना आढळला. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. १९२८ साली या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरातील त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पण त्या नावामागे हा सागरी इतिहास आहे, हे रोज तेथून जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल.

वॉकर यांचा हेलकावा आणि पेरूच्या कोळ्यांचा एल निनो ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ साली दाखविले. १९८६ साली केन व झेबियाक या दोन शास्त्रज्ञांनी गणकयंत्रावरील प्रतिमानाच्या साहाय्याने एल निनोचे आगाऊ भाकीत केले आणि ते बव्हंशी खरे ठरले. अर्थात एल निनो आला की मॉन्सून हटकून बुडतो, असे नाही. १९९७चा एल निनो प्रचंड होता, तरी त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. महाराष्ट्रातील अवर्षणही १९७२च्या आधीच सुरू झालेले होते. एल निनोने त्यावर कळस चढविला, एवढेच म्हणणे रास्त होईल.

तथापि शक्यता वाढते, हे निश्चित. आणि येथे अर्थशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. फ्रँक नाइट यांनी १९२१ साली ‘जोखीम’ आणि ‘अनिश्चितता’ यांत फरक केला. जिची शक्यता अजमावता येते ती जोखीम. जिची मुळीच अजमावता येत नाही ती अनिश्चितता. जोखमीचा विमा उतरविता येतो, अनिश्चिततेचा नाही. १८७७ साली किंवा १८९९ साली दुष्काळ ही अनिश्चितता होती आणि राज्यकर्ते दैवाकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत होते. आज वेधशाळा काही महिने अगोदर इशारा देते. म्हणजे प्रवाहाचे फिरणे आता जोखमीच्या सदरात आले आहे. ज्या संकटाचा अंदाज बांधता येतो, त्याची व्यवस्था न करणे हा दैवाचा दोष राहत नाही. तो धोरणाचा दोष होतो.

दोन उत्तरे

१९७२च्या आपत्तीला पेरूने आणि महाराष्ट्राने काय उत्तर दिले, ते आता पाहू. पेरूच्या लष्करी सरकारने मे १९७३मध्ये आंचोवेता उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करून ‘पेस्का पेरू’ हे महामंडळ स्थापन केले. सरकारच्या पदरात काय पडले? मासे गेलेले होते. उरल्या होत्या जास्तीच्या बोटी, बंद कारखाने आणि कर्जे. उद्योजकांचा तोटा सार्वजनिक झाला. १९७६ साली बोटी पुन्हा खाजगी हाती गेल्या. खलाशी व कारखान्यातील कामगार यांची कपात मात्र टळली नाही.

महाराष्ट्रात १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेने या तात्पुरत्या मदतीला हक्काचे रूप दिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर कर बसला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने घालावी असे ठरले. ज्याची मिळकत पावसावर अवलंबून नाही त्याने, ज्याची सर्वस्वी पावसावर आहे त्याच्या जोखमीचा वाटा उचलावा, हे त्यामागील तत्त्व होते. पेरूने मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण केले. महाराष्ट्राने जोखमीचे केले. माझ्या मते स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने सामाजिक धोरणाच्या क्षेत्रात जगाला दिलेली ही सर्वांत मौलिक कल्पना होय. २००५च्या केंद्रीय कायद्याने तिचा देशभर स्वीकार केला.

या योजनेची बाजू पुरती गोड नाही, हेही नमूद केले पाहिजे. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी, निधी शिल्लक असूनही न निघालेली कामे या तक्रारी तिच्या जन्मापासून तिच्या मागे आहेत. परंतु अंमलबजावणी सदोष असली म्हणून तत्त्व टाकून द्यावयाचे नसते. आणि आज प्रश्न आहे तो हे तत्त्व समुद्रापर्यंत नेण्याचा.

समुद्रावरची हमी

२०२३ साली एल निनो पुन्हा आला. पेरूने आंचोवेताचा त्या वर्षीचा पहिला हंगाम रद्द केला, कारण समुद्रात अपक्व माशांचेच प्रमाण फार आढळले. जैविक दृष्ट्या हा शहाणपणाचा निर्णय होता. १९७२चा धडा निदान तेवढा तरी पचला. इकडे भारतात त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबरमध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि भावाच्या धास्तीने केंद्राने जुलैतच बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली होती. हंगाम रद्द झाला तेव्हा बोटींच्या मालक कंपन्यांजवळ शिल्लक होती. खलाशाजवळ काय होते?

आपला समुद्रही या प्रश्नातून सुटलेला नाही. केरळच्या किनाऱ्यावर मॉन्सूनच्या काळात खालचे थंड पाणी वर येते, म्हणजे पेरूच्याच निसर्गाची ती लहान आवृत्ती आहे, आणि तिच्यावर तारलीचे थवे पोसले जातात. २०१२ साली तेथे तारलीची पकड चार लाख टनांच्या घरात होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. समुद्रातील बदलते तापमान, बदलते प्रवाह आणि बेसुमार मासेमारी यांची ही संयुक्त करणी आहे. मासा स्थलांतर करतो, पुढे कधी तरी परततोही. मधल्या वर्षांत होडीचे हप्ते कोणी भरावयाचे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, भरभराटीच्या वर्षांत निर्यात होणाऱ्या मासळीवर, शिंपल्यांवर व भुकटीवर अल्प कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी राखावा आणि तो वाईट वर्षांतच खर्च व्हावा. तेजीचा नफा जो घेतो त्यानेच मंदीची तरतूद करावी, हा साधा न्याय आहे. दुसरी अशी की, हंगाम बंद करण्याचा आदेश आणि श्रमिकाला निर्वाहवेतन ही दोन कलमे एकाच कागदावर असावीत. बंदी मोडली तर वेतन बंद. विमा मिळतो म्हणून माणूस बेफिकीर होतो, हा अर्थशास्त्रज्ञांचा नेहमीचा आक्षेप येथे उलट उपयोगी पडतो. कारण वेतनाची खात्री असलेला कोळीच अपक्व मासा समुद्रात सोडून देऊ शकतो. तिसरी गोष्ट पाणबुड्यांविषयी. त्यांची मजुरी निव्वळ वेचणीवर न ठेवता तिचा काही भाग ठरावीक असावा आणि ज्या बंदरातून ते उतरतात तेथे दाबकक्षाच्या उपचाराची सोय असावी. शिंपल्याच्या भावात पाणबुड्याच्या पायांची किंमत धरलेली नसेल, तर तो भाव खोटा आहे.

एवढा पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. हाच प्रश्न १९७२ सालीही विचारला गेला होता आणि लाखो पगारदारांच्या खिशातून दरमहा थोडेथोडे घेऊन त्याचे उत्तर दिले गेले. खरी अडचण पैशाची नसून दृष्टीची आहे. शेतातला दुष्काळ आपल्याला दिसतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. पाण्याखालचा दुष्काळ दिसत नाही. वरचे पाणी नेहमीसारखेच निळे असते, लाटा नेहमीसारख्याच येतात. बाजारात मासळी महाग झाली म्हणून आपण कुरकुरतो आणि पुढे जातो.

वारा कोठून वाहावा आणि पाणी कोठे वळावे, हे ठरविणे माणसाच्या हाती नाही. परंतु ते वळल्यावर कोणाच्या घरची चूल विझावी, हे बाजार, कायदे आणि अंदाजपत्रक मिळून ठरवितात, आणि ती तिन्ही माणसांनी घडविलेली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्राने जमिनीवरील मजुरापुरते त्याचे उत्तर दिले. समुद्रावर जगणाऱ्यांचा हिशेब अजून मांडावयाचा आहे.